आक्काच्या गुडघ्याखालची चार बोटं

ही हकिगत लिहायची मी अनेक वर्षं टाळली. सांगायची मात्र टाळली नाही. आमच्या पिंपरी पेंढारच्या सप्ताहात भर मंडपात, माइक हातात घेऊन सांगितली आणि पुढे जो विचारील त्याला सांगत आलो. फक्त ती अर्धी होती. ज्या भागामुळे माझ्या घराचं नाव झालं तो भाग सांगितला, आणि ज्यात दुसऱ्याचे कष्ट होते, माझी चूक होती, तो गिळला. आता वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलं आहे. माझी अर्धी गोष्ट पुरी मानून जिनं स्वतःचं नुकसान करून घेतलं ती माझ्या रक्ताची होती. म्हणून उरलेला भाग आज कागदावर आणतो आहे. यात चमत्कार आहे की नाही ते मी ठरवत नाही. घडलं तसं मांडतो.

माझ्या पत्नीचं नाव सिंधू. आमची शेती कांद्याची आणि टोमॅटोची. कांद्याची लागण, खुरपणी, काढणी, सगळं उकिडवं बसून. चाळीस वर्षं ती वाफ्यात अशी बसली, आणि घरी गॅस आला तरी भाकरी थापायला खालीच बसत राहिली. साठीनंतर तिचे गुडघे दुखू लागले. बसली की उठताना भिंत धरायची, उठली की पुन्हा बसायला भ्यायची. संडासातून उठता येईना म्हणून मला हाक मारायची वेळ आली, त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सांधा झिजला आहे, पुढंमागं ऑपरेशन लागेल, पण आधी मांडीची ताकद वाढवा, असं म्हणाले आणि नारायणगावातल्या एका फिजिओथेरपीच्या बाईंचं नाव कागदावर लिहून दिलं. तो कागद मी सदऱ्याच्या खिशात घातला आणि विषय बंद केला. दुखणाऱ्या गुडघ्याला अजून हलवायचं हे मला पटलंच नाही. दुखतं त्याला आराम द्यावा, एवढंच मला ठाऊक होतं.

त्याऐवजी चतुर्थीला मी सिंधूला घेऊन ओझरच्या गणपतीला गेलो. माझा देवावर विश्वास लहानपणापासूनचा, पण त्या दिवसांत त्याला तडा गेला होता. जिनं कुणाचं वाईट चिंतलं नाही, एक एकादशी मोडली नाही, तिला हे भोग का, हा प्रश्न मनात सारखा फिरत होता. गाभाऱ्यासमोर उभा राहून मी म्हणालो, देवा, मला काही कळत नाही, तूच एखादी खूण दाखव. सिंधू रांगेत उभी राहू शकली नाही. ती बाहेर कठड्यावर बसून होती, तिथूनच तिनं हात जोडले.

परतताना नारायणगावला आळेफाट्याची जीप पकडायची होती. बाजाराचा दिवस, जीप भरत आलेली, आणि सिंधूला जीपच्या पायरीवर पाय टाकता येईना. मागची माणसं वैतागली. मी ड्रायव्हरवर खेकसलो, मग सिंधूवर खेकसलो, मग तिला बखोटीला धरून वर ओढायला लागलो. तेवढ्यात मागून एक तिशीतली बाई पुढं आली. माझा हात तिनं शांतपणे बाजूला केला.

"आजी, थांबा. कोणता गुडघा जास्त दुखतो? डावा? मग उजवा पाय आधी वर. हां. आता दांडी धरा आणि डावा मागून आणा. बघा, चढलात. उतरताना उलटं करायचं, दुखरा पाय आधी खाली."

सिंधू आत बसली होती. धाप लागलेली, पण तोंडावर हसू. "कोन गं बाई तू? देवासारखी आलीस."

"मी इथंच असते आजी, त्या औषधाच्या दुकानाशेजारी. गुडघ्यांचे व्यायाम शिकवते."

सिंधूनं माझ्याकडं पाहिलं. "अवो, त्या कागदावर काय नाव हाये, बघा बरं."

मी खिसा चाचपला. कागद घामानं मऊ झाला होता, पण अक्षर वाचता येत होतं. नावाखाली औषधाच्या दुकानाशेजारचाच पत्ता होता, म्हणजे ती बाई हीच. ओझरला खूण मागून अजून दोन तास झाले नव्हते. ती खूण माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या बायकोला जीपमध्ये चढवून गेली, आणि माझ्या मनात काय आलं असेल? ही एवढीशी पोरगी काय शिकवणार, असं आलं. खूण सिंधूनं ओळखली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी येताय का मी एकली जाऊ?"

त्यांना सगळे पेशंट ताई म्हणत, मीही ताईच म्हणतो. जागा तळमजल्यावर, दोन कॉट, चार खुर्च्या, एक शेकाची पेटी, एक करंट द्यायचं मशीन. येणाऱ्या बहुतेक आमच्याच तालुक्यातल्या, सिंधूच्या वयाच्या बायका. शेक आणि मशीन थोडा वेळ बरं वाटायला, असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, खरं काम व्यायामाचं. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि पाय सरळ ठेवून ती खाली दाबायची. दाबून दहा आकडे मोजायचे, मग सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. खुर्चीवर बसून पाय समोर ताणायचा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. पुढं पुढं घोट्याला वजन बांधून पाय उचलायचा. वजनाचा पट्टा घरी कुठला, म्हणून सिंधूनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, तिच्यात अर्धा किलो बाजरी भरली. आणि उकिडवं बसणं, मांडी घालणं, सध्या बंद.

सिंधूची अडचण वेगळीच निघाली. दाबायचं की मोजायचं, दोन्ही एकदम जमेना. सातावर गेली की पाय सुटायचा, पाय धरला की आकडा सुटायचा. ताईंनी तिच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं.

"आजी, नाव घेता ना? मग आकडे कशाला? सावकाश पाच वेळा राम कृष्ण हरी म्हणा. तोवर दाबून धरा. पाचवं झालं की सोडा आणि जपमाळेतला एक मणी ओढा."

घरी येऊन सिंधूनं जपाच्या माळेतल्या दहाव्या मण्यापाशी लाल दोरा बांधला. दोऱ्यापर्यंत आलं की एका पायाचे दहा झाले. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, आमच्या घरात राम कृष्ण हरी ऐकू यायचं आणि त्याच्या तालावर टॉवेलची गुंडाळी दबायची. मला ते ऐकायला गोड वाटायचं. पाय मला दिसत होता, पण कान नावाकडं असायचा.

आता आक्काबद्दल सांगतो. ती माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी पाच वर्षांचा असताना आई गेली. अकराव्या वर्षी आक्कानं चूल हातात घेतली, मला कडेवर घेऊन विहिरीवरून पाणी आणलं. तिला शिनोलीला दिली, घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्यावर. मी भेटायला गेलो की निघताना ती रस्त्यापर्यंत यायची आणि एसटी दिसेनाशी होईस्तोवर उभी राहायची. कधी मागं वळून पाहिलं आणि ती तिथं नाही, असं झालं नाही. माझा शब्द म्हणजे तिला शेवटचा. मी चौथीत पहिला आलो तेव्हापासून तिच्या लेखी मी शहाणा होतो, आणि तिनं ते मत कधी बदललं नाही.

सप्ताहाच्या महिनाभर आधी आक्का आमच्याकडं राहायला आली. तिचेही गुडघे गेलेलेच. सिंधू तिला घेऊन ताईंकडं जाऊ लागली. मी सोबतीला. एक दिवस पेशंट बायका बसलेल्या, सिंधू कॉटवर, पायाला बाजरी बांधलेली, आणि मला तहान लागली. सवयीनं बोलून गेलो, "सिंधू, जरा पाणी." ती बिचारी पिशवी सोडायला वाकली.

ताई म्हणाल्या, "आजोबा, तांब्या तुमच्या हाताशी आहे. तुमचे गुडघे मला चांगले दिसतात. का तपासू?"

सगळ्या बायका हसल्या. आक्का तर तोंडाला पदर लावून हसली. "तपासा वो ताई, ल्हानपनापासून जड हायेत त्याचे," म्हणाली. मीही हसल्यासारखं केलं. पण ते मला लागलं. त्या दिवसापासून पाणी मी स्वतः घेऊ लागलो हे खरं, तरी ताईंचं नाव निघालं की तोंडात कडू चव यायची. सत्तरी गाठलेल्या माणसाला एक पोरगी दहा बायकांत बोलते, हे मी मनात धरून ठेवलं.

सिंधूला पाच महिने झाले होते. पिशवीतली बाजरी मुठीमुठीनं वाढत दीड किलोवर गेली होती. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी गावातून दिंडी निघते. आदल्या वर्षी सिंधू ट्रॉलीत बसून होती. त्या वर्षी ती डोक्यावर तुळस घेऊन पूर्ण फेरी चालली आणि मंदिराच्या नऊ पायऱ्या, चांगला पाय आधी, दुखरा मागून, अशा चढून गेली. बायका तोंडात बोट घालून बघत होत्या. काल्याचं कीर्तन संपल्यावर बुवा म्हणाले, कुणाला काही अनुभव सांगायचा असेल तर सांगावा. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठलो.

मी काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "डॉक्टरनी ऑपरेशन सांगितलं होतं. पण ही बाई रोज तीन वेळा माळ घेऊन बसली. नाव घेतलं आणि गुडघे मोकळे झाले. दुसरं काही नाही, मंडळी. माळेनं केलं." मंडपात टाळ्या पडल्या, गजर झाला. बुवांनी मला हार घातला. सांगताना माझे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं. नाव तिनं घेतलंच होतं. मी फक्त सांगण्यातून पाय काढून टाकला. ताई काढून टाकली.

घरी आल्यावर सिंधूनं लुगडं बदललं, चहा टाकला आणि उभ्यानंच विचारलं, "ताईचं नाव राह्यलं का वो?"

"राहिलं खरं. गडबडीत."

"राह्यलं का ठिवलं?"

मी आत वळलो. आतल्या खोलीत आक्का होती. तिच्या गुडघ्याखालची गुंडाळी तिनं बाजूला काढून ठेवली होती आणि जमिनीवर मांडी घालून, भिंतीला टेकून, माळ ओढत होती. मला बघून म्हणाली, "मला कुनी न्हाई सांगितलं रं आधी. मी उगीच पाय दाबीत बसले." मी दारात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच सरळ झालं असतं. बाहेर ओट्यावर चार माणसं माझं अभिनंदन करायला आली होती. मी त्यांच्याकडं गेलो.

दोन दिवसांनी आक्का शिनोलीला परत गेली. ताईंकडं पुन्हा आली नाही. फोनवर भाचा सांगायचा, आई लई जप करतीया, सकाळपासून बसती. मला बरं वाटायचं. सिंधू म्हणायची, तिला इचारा, पाय करती का. मी म्हणायचो, विचारतो. आक्काच्या गावातल्या आणखी दोघीतिघी तिच्याजवळ बसून माळ ओढायला लागल्या, हेही भाच्यानंच कौतुकानं सांगितलं.

सात-आठ महिन्यांनी मी शिनोलीला गेलो. भाताची कापणी चालू होती. रस्त्यावर उतरलो तर आक्का दारात नव्हती. आत खाटेवर होती. डावा गुडघा वर उचललेला, खाली दोन उशा. मांडी घालून तासन् तास बसल्यानं दुखणं वाढलं, दुखतं म्हणून उशी घेतली, उशीवर गुडघा वाकवून ठेवला की बरं वाटे म्हणून तसाच ठेवला, आणि तो तसाच राहिला. आता सरळ होत नव्हता. न्हाणीपर्यंत सून उचलून नेत होती. माळ तिच्या हातात होती. आमच्याकडून जाताना सिंधूनं तिच्या माळेलाही लाल दोरा बांधून दिला होता. तो दोरा काढलेला होता. आता थांबायचंच नव्हतं, मग दोरा कशाला?

मला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. मग हसली आणि म्हणाली, "सिंधूला गुन आला, मला न्हाई आला. माझीच भक्ती कमी पडली रं बाळा. काय खोट असंल माझ्यात, देवाला दिसत असंल."

मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली, त्यात नरकाची वर्णनं ऐकली. ती सगळी एकीकडं आणि हे वाक्य एकीकडं. जिनं अकराव्या वर्षी स्वतःचं बालपण माझ्यावर ओवाळून टाकलं, ती ऐंशीकडं झुकलेल्या वयात खाटेवर पडून स्वतःत खोट शोधत होती, आणि ती खोट माझ्या एका भाषणात होती.  चहा प्यालो. येतो म्हणालो. रस्त्यावर उभा राहून मागं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिथं कुणी नव्हतं.

मंचरहून बसलेली जीप नारायणगावात शिरली आणि टोमॅटोच्या गाड्यांत अडकली. क्रेट भरलेले टेम्पो पुढंमागं, हॉर्न चालू, काही हलेना. मी मान खाली घालून बसलो होतो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तेव्हा वर पाहिलं. उजव्या हाताला औषधाचं दुकान होतं आणि शेजारी ताईंचं दार उघडं होतं. जीप बरोबर त्या दारासमोर थांबली होती. गर्दीत कुठंतरी थांबायचीच होती, असंही कुणी म्हणेल. मी वाद घालत नाही. मी एवढंच सांगतो की ओझरला मागितलेली खूण पहिल्यांदा आली तेव्हा मी ओळखली नव्हती आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा न ओळखण्याची सोय राहिली नव्हती. मी उतरलो.

ताईंसमोर खुर्चीवर बसून मी सगळं सांगितलं. मंडपातलं, तांब्याचं, मनात धरल्याचं. शेवटी म्हणालो, "तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही."

ताईंनी हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "नावाचं राहू द्या आजोबा. तुमच्या भाषणानंतर माझ्याकडच्या पाच-सहा आज्या यायच्या थांबल्या, त्यांना परत आणा. आता मला हे सांगा, पाठीवर झोपवल्यावर आक्कांच्या गुडघ्याखाली किती बोटं जातात?"

मला माहीत नव्हतं. एवढा शोक करून आलो होतो आणि तिचा गुडघा मी नीट पाहिलाही नव्हता.

रविवारी ताई सुट्टी सोडून आमच्याबरोबर शिनोलीला आल्या. त्यांनी उशा काढल्या, आक्काचा पाय हळूच खाटेवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "घाला हात." चार बोटं उभी गेली, वर जागा उरली. आक्का विव्हळली. ताईंनी तिला स्पष्ट सांगितलं, "आक्का, पूर्ण सरळ होईल असं मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जाल, हे मी धरून चालते. तुम्हाला आणखी कुठं जायचंय?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. "रस्त्यापत्तुर. हा जातो तवा."

मग ताई माझ्याकडं वळल्या. "रोज तीनदा करून घ्यायला माणूस लागेल. सूनबाई शेतात असतात. तुम्ही राहाल?"

मी राहिलो. सिंधूनं आक्काच्या माळेला पुन्हा लाल दोरा बांधला, स्वतःची बाजरीची पिशवी माझ्या हातात दिली आणि एकटी परत गेली. जाताना जीपमध्ये चढली, उजवा पाय आधी. घर, गोठा, टोमॅटो, तिनं सगळं सांभाळलं. मी शिनोलीत साडेचार महिने काढले.

सकाळी ताईंनी शिकवल्याप्रमाणे मी गरम पाण्याची पिशवी आक्काच्या गुडघ्यावर ठेवायचो. मग तिची टाच माझ्या तळहातात घ्यायचो आणि टाचेखाली गुंडाळी ठेवून पाय सरळ व्हायला सोडायचो, गुडघ्यावर तिला सोसेल तेवढाच हात ठेवायचो. पहिले दहा-बारा दिवस ती शिव्या द्यायची. "मेल्या, ल्हानपनी तुला उचलला त्याचा सूड घेतो व्हय?" मग रडायची. मग म्हणायची, "चल, पुन्यांदा." शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. एकीनं मला विचारलं, "काय वो मामा, बहिनीचं पाय चेपाया आला का म्हातारपनी?" आक्काच उत्तर द्यायची, "आन् तू काय बघतीस? तुझं पन गुडघं गेल्यात, ये, बस खुर्चीवर." बायका यायला लागल्या. भाच्यानं लग्नाच्या मंडपवाल्याकडून सहा खुर्च्या आणल्या. ओट्यावर सहा बायका खुर्चीवर बसून राम कृष्ण हरीच्या तालावर पाय समोर ताणत आहेत, हे दृश्य त्या गावानं आधी पाहिलं नसेल. मी प्रत्येकीला सांगत होतो, नाव घ्या आणि पाय दाबा, दोन्ही. फक्त आधी मंडपात मी दोन्ही का सांगितलं नव्हतं, ते माझ्या आक्काला कधी उलगडून सांगितलं नाही.

पन्नास वर्षं मी देवापुढं हात जोडून बसलो, शरण आलो म्हणालो आणि मनात मात्र स्वतःचंच खरं धरून राहिलो. बहिणीची टाच हातात घेऊन बसलो तेव्हा काहीही स्वतःचं धरायला हात मोकळाच नव्हता. ताई सांगतील तेवढंच करायचं, आक्का सोसेल तेवढंच दाबायचं, गुडघा देईल तेवढंच घ्यायचं. माझ्या मर्जीनं एक बोटही कमी होत नव्हतं. पाचव्या राम कृष्ण हरीला तिचा श्वास सुटायचा, मणी ओढला जायचा आणि माझ्या तळहातात तिच्या टाचेचं वजन थोडं वाढलेलं जाणवायचं. देव मला कधी जवळचा वाटला असेल तर त्या वजनात.

चाराची तीन बोटं झाली. तिसऱ्या महिन्यात दोन. मग काठी, उजव्या हातात, कारण दुखरा पाय डावा. मग न्हाणी. मग ओटा.

या काळात मी तीनदा बोलायला गेलो. पहिल्यांदा सकाळच्या व्यायामाला, म्हणालो, "आक्का, मंडपात मी जे बोललो..." ती डोळे मिटूनच म्हणाली, "गप रं, मोजनी चुकती माझी." दुसऱ्यांदा ताई बघायला आल्या होत्या, आणि मला लाज आडवी आली. तिसऱ्यांदा मी घरी परतायला निघालो त्या दिवशी. आक्का काठी टेकत, दुखरा पाय आधी, चांगला मागून, अशी ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत आली. सून मागं खुर्ची घेऊन चालत होती, तिनं ती वापरली नाही. आम्ही दोघं एसटीची वाट बघत उभे राहिलो. ऊन चढलं होतं. आक्काचा चेहरा घामेजला होता आणि ती इतकी खूश होती की मला बोलवेना.

ती म्हणाली, "ऐकलं रं देवानं. माझं उशिरा ऐकलं, पन ऐकलं."

मी म्हणणार होतो. शब्द जुळवून ठेवले होते. एसटी आली, कंडक्टर घाई करू लागला, मी चढलो. खिडकीतून मागं पाहिलं. ती उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून, वळणापर्यंत.

पुढल्या पावसाळ्यात ती तापानं गेली, तीन दिवसांत. शेवटपर्यंत न्हाणीला स्वतः जात होती, असं सून म्हणाली. माळ मला पाठवून दिली. लाल दोरा जागच्या जागी आहे.

ताईंना मी माझ्या तोंडानं सांगू शकलो, त्यांच्या पाच-सहा आज्यांपैकी चौघींना दारी जाऊन परत आणलं, सिंधूसमोर मान खाली घातली. मंडपात मात्र आजवर गप्प राहिलो. आक्का गेल्यानंतरच्या सप्ताहात माइक हातात आला तेव्हा "व्यायाम पण करावा" एवढं पुटपुटून खाली बसलो. या वर्षी काल्याच्या दिवशी हेच कागद त्याच जागेवरून वाचायचे, हे मी ठरवलं आहे. सिंधू समोर खुर्चीवर बसणार आहे. मधेच थांबलात तर मी उठून पुरं करीन, असं तिनं बजावलं आहे, आणि ती उठू शकते. ज्यानं दोन वेळा माझ्या वाटेवर खूण पाठवली आणि दुसऱ्यांदा मला खाली उतरायला लावलं, त्याचे उपकार मी कशानं फेडणार? सांगितलं तेवढं करावं, पुरं सांगावं, एवढंच माझ्या हातात आहे.

हे सगळे ऐकतील. जिनं ऐकायचं ती रस्त्यावर उभी राहिली आणि मी खिडकीतून नुसता हात हलवला. तिला म्हणायचं होतं ते असं: आक्का, तुझ्यात खोट नव्हती. देवानं उशीर केला नाही. तो पहिल्याच महिन्यात आला होता, तुझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गेला होता. मधे मी उभा राहिलो. मला माफ कर.